यांच्या वतीने मी लिहीत होते

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलीला रोज नावेतून पाठवावं असं घरात कोणालाही वाटलं नाही. लिहिता-वाचता येत होतं, संसाराला तेवढं पुरलं. म्हातारपणी मात्र ते लिहिणंच नडलं. काय झालं ते सांगते. माझी बाजू चांगली दिसावी म्हणून सांगत नाही, कारण ती चांगली नाही.

माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. काम रिव्हेट मारायचं, म्हणजे बोथट खिळ्यांनी विमानाचे पत्रे जोडायचं. ते काम एकट्याचं नाही. पत्र्याच्या एका बाजूला एक जण हवेवर चालणारी बंदूक घेऊन रिव्हेट मारतो, दुसऱ्या बाजूला दुसरा लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मध्ये पत्रा असल्यामुळे एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि आवाजात हाक ऐकू येत नाही. मग पलीकडचा ठोकळ्याने पत्रा वाजवतो. एकदा वाजला की बसलं, दोनदा वाजला की अजून मार. यांच्या पत्र्यापलीकडे जवळजवळ तीस वर्षं एकच माणूस उभा होता. तो सायखेड्याचा. आम्ही कारखान्याच्या वसाहतीत शेजारी राहत होतो. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी.

दोघांना हे काम एका परदेशी उस्तादाने शिकवलं. सगळे त्याला रशियन म्हणत. तो आमच्याकडे दोनदा जेवला. ठेचा खाऊन रडला, तांब्याभर पाणी प्यायला आणि पुन्हा ठेचा मागितला. माझं गाव खारकीव्ह, असं त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं. तेव्हा तिकडचा सगळा एकच देश होता, त्यामुळे गाव कुठलं याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला आडगाव नाक्याजवळ फ्लॅट घेतला. भाऊजी सायखेड्याला शेतीवर गेले. त्यांची बायको गेली, मुलगा दुबईला. दोघांचं रोज फोनवर बोलणं व्हायचं, म्हणजे भांडण व्हायचं. कांद्यावरून, क्रिकेटवरून, कोणाच्या पोटाचा घेर जास्त यावरून. मग मुलीने आम्हाला मोठा फोन आणून दिला आणि कारखान्यातल्या जुन्या माणसांचा एक ग्रुप होता, त्यात भाऊजी होतेच, यांनाही घातलं. त्यानंतर दोन वर्षांत काचबिंदूने यांचे डोळे गेले. ग्रुप मात्र सुटेना. मग दुपारी जेवणं झाली की मी पलंगाशेजारी खुर्ची ओढायची, आलेलं सगळं मोठ्याने वाचायचं आणि हे सांगतील ते एका बोटाने लिहून टाकायचं. दोन ते चार. शाळेची वेळ असावी तसं.

आधी गुलाबाची फुलं आणि सुप्रभात असायचं. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि फुलांच्या जागी नकाशे यायला लागले. कोणाला मधुमेह, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, अशी माणसं सकाळी उठून तिकडच्या हद्दी आखायला बसायची.

आमचे हे रशियाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, हे भांडण आजचं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी कीव शहरातल्या चौकात माणसं जमली आणि तिथला निवडून आलेला अध्यक्ष पळून गेला, ते सगळं अमेरिकेने आणि युरोपने घडवलं. मग पाश्चिमात्यांनी आपली लष्करी युती सरकवत सरकवत रशियाच्या कुंपणापर्यंत आणली. कुंपणाशी कोणी लाठ्या घेऊन उभा राहिला तर घरधनी झोपेल का? भाऊजी उलट बोलायचे. कडाक्याच्या थंडीत महिनोन्महिने चौकात बसलेली माणसं भाड्याची नसतात. त्यांना युरोपकडे जायचं होतं, अध्यक्षाने ऐनवेळी शब्द फिरवला, म्हणून ती उठली.

"लिही," हे म्हणायचे. "अमेरिकेची अधिकारी बाई चौकात जाऊन बिस्किटं वाटत होती, ती दिसली नाय का तुला?"

मी लिहायची. भाऊजींचं उत्तर यायचं, "ऐक लेका. बिस्किटावर सरकार पडत असतं तर आपल्या कॅन्टीनवाल्याने कधीच दिल्ली घेतली असती."

मी वाचताना हसायची. हे हसायचे नाहीत. "कॅन्टीनवाला काय म्हणतो," ते पुटपुटायचे. "लय शहाणा झालाय."

इथवर ठीक होतं. बिघडलं ते उस्तादावरून. यांनी मला लिहायला लावलं, "ज्याने हात धरून आपल्याला काम शिकवलं, ज्याच्या जिवावर तुझं घर उभं राहिलं, त्याच्या देशावर उलटतोस?" भाऊजींनी लिहिलं, "उस्ताद खारकीव्हचा होता. बॉम्ब त्याच्याच गावावर पडताहेत. उलटलाय कोण ते तूच सांग."

हे उठून बसले. "तो रशियन होता! त्याने स्वतः सांगितलं होतं, आम्ही सगळे एकच. मी होतो ना तिथं! ते लिही."

"अहो," मी म्हटलं, "तो कुठलाही असो. आता असला तर नव्वदीचा असेल, नाही तर गेलाही असेल."

"तू नुसतं वाच."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की यांना युक्रेनचं काही पडलेलं नाही आणि भाऊजींनाही नाही. उस्ताद कोणाचा, एवढंच भांडण होतं. ते मिटणारं नव्हतं, कारण उस्ताद सांगायला येणार नव्हता.

एके दिवशी भाऊजींचा तोल गेला. त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, "डोळे गेले ते समजतो, गड्या. पण आंधळ्याने नकाशा वाचायला बसू नये."

हे मी वगळू शकले असते. वगळणं मला येत होतं, कोण वारल्याच्या बातम्या मी नेहमी गाळायची. पण हे वगळलं नाही, कारण मला स्वतःला राग आला. या माणसाचा हात धरून मोरीपर्यंत मी नेत होते. ताटात भाजी कुठे, भाकरी कुठे, हे मी सांगत होते. त्यावर असं कोणी बोलावं? मी ते वाचलं, आणि जरा मोठ्यानेच वाचलं.

हे पलंगाची कड धरून सरळ बसले. मग म्हणाले, "लिही. जो माणूस विमानात बसायला घाबरला, मुंबईहून पळून आला आणि आई मरायला टेकली म्हणून सगळ्यांना खोटं बोलला, त्याने मला रशिया शिकवू नये."

ही गोष्ट जगात तीन माणसांना माहीत होती. तरुणपणी उस्तादाच्या शिफारशीवरून भाऊजींची सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी रशियाला निवड झाली होती. वसाहतीने हार घालून त्यांना मुंबईला पाठवलं. तिसऱ्या दिवशी ते परत आले. आई अत्यवस्थ आहे असं सांगितलं. आई तेव्हा सायखेड्यात गवताचे भारे वाहत होती. त्या दुपारी माझ्या चुलीपुढे पाटावर बसून तो माणूस हमसून रडला. विमानतळावर विमान वर जाताना पाहिलं आणि पाय उचलेना. "वहिनी, बनवणं वेगळं, बसणं वेगळं," ते म्हणाले. "हे ह्या चार भिंतींतच राहू द्या." मी म्हटलं, राहील.

आता मी यांना विचारलं, "हे टाकायचं?"

"टाक."

मी टाकलं. माझं बोट कोणी धरलेलं नव्हतं.

पाच मिनिटांत हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. विमानं बनवण्यात आयुष्य गेलेल्या माणसांना याहून मोठा विनोद कुठला मिळणार? कोणी खेळण्यातल्या विमानाचं चित्र टाकलं. कोणी विचारलं, "आईची तब्येत कशी आहे आता?" आई जाऊन वीस वर्षं झाली होती. अर्ध्या तासाने भाऊजींच्या नावाची एक बारीक ओळ आली.

"काय म्हणतोय?" यांनी विचारलं.

"गेले."

"कुठं गेला?"

"ग्रुप सोडून गेले."

"येईल," हे म्हणाले. "जाईल कुठं?"

आले नाहीत. फोनही आला नाही. हे आपण होऊन फोन करायला तयार नव्हते. मी लावून देते म्हटलं तर अंगावर यायचे, "आंधळा कोण म्हणालं आधी?" पण रोज दुपारी मी खुर्चीवर टेकले की पहिला प्रश्न तोच, "त्याचं काही?" मी नाही म्हणायची. मग हे म्हणायचे, "बाकीचं राहू दे." अशा रीतीने ग्रुप बंद झाला आणि दोन ते चार हे भिंतीकडे तोंड करून पडायला लागले.

वर्षभराने यांचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते करा. यांना आवडेल ते सायखेड्यात होतं. शेजारणीला बसवून मी दुसऱ्या दिवशी एसटीने निघाले.

भाऊजी अंगणात कांदे निवडत बसले होते. मला पाहून उठले, आतून पाणी आणून दिलं. वाळले होते. ते पाटावर बसले, मी बाजेवर.

"त्यांना बरं नाही," मी सांगितलं. "फार दिवस नाहीत. एकदा येऊन जा."

ते कांद्याची साल सोलत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, एक विचारू? त्याला दिसत नाय. मग बोटं कोणाची होती?"

"माझी."

"तो बोलला असता तर मी दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. पन्नास वर्षं तोंडावर शिव्या दिल्यात त्याने. पण ते लिहिलं तुम्ही. एकेक अक्षर शोधून शोधून लिहिलं. तेवढ्या वेळात तुम्हाला तुमची चूल आठवली नाय?"

मला चुकलं म्हणायचं होतं, त्यासाठीच गेले होते. पण मला कोणापुढे वाकायची सवय नाही. तोंडातून निघालं, "आंधळा तुम्ही म्हणालात आधी."

त्यांनी कांदा टोपलीत टाकला. "मग झालं तर," म्हणाले. "फिटंफाट झाली. पाचची गाडी मिळंल तुम्हाला, निघा."

मी निघाले. फाटकापर्यंत गेले आणि परत वळून बोलावं असं वाटलं, तरी वळले नाही. गाडीत बसल्यावर स्वतःला भरपूर शिव्या दिल्या. त्याचा काय उपयोग?

घरी आले तर यांनी कान टवकारलेले. एकाच माणसाच्या चपला वाजल्या हे त्यांना कळलं. "नाही आला ना?"

माझ्या हातून आयुष्यात फार खोटं बोललं गेलेलं नाही. खोटं लक्षात ठेवावं लागतं, त्याचा मला कंटाळा. पण तेव्हा मी म्हटलं, "त्यांच्या पायाला लागलंय, चालवत नाही. पण उद्यापासून फोनवर लिहितो म्हणाले. ग्रुपवर नको, तुम्हाला एकट्याला."

"लिहितो म्हणाला?"

"हो."

यांनी मान दुसरीकडे वळवली. मी जेवायचं वाढलं तर त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दोनला यांनीच हाक मारली, "अगं, काही आलं का?" मी फोन हातात धरला. त्यावर काही नव्हतं. मी म्हटलं, "आलंय," आणि वाचायला लागले. "ऐक लेका. मेला नाहीस अजून?"

हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा. मग खोकला आला, पाणी पाजलं, पाठीवर हात फिरवला. "पुढं?" हे म्हणाले.

पुढे काय, हा प्रश्न मलाही होता. भाऊजी नुसतं कसा आहेस विचारून थांबणारे नव्हते. ते भांडणारच. आणि भांडायचं तर मला त्यांचा पक्ष माहीत हवा. मग मी रोज सकाळी भाजी निवडताना ग्रुपवरचं जुनं सगळं वाचायला लागले. भाऊजींचं जुनं लिहिणं, त्यांच्या बाजूच्या इतरांचं, वर्तमानपत्रात येईल ते. चौक, क्रिमिया, पूर्वेकडचा भाग, गॅसच्या नळ्या, कोणी कोणाला काय वचन दिलं होतं आणि कागदावर का नाही घेतलं. समजत नव्हतं ते दोनदा वाचायची. चौथीच्या परीक्षेलाही मी एवढा अभ्यास केला नव्हता. दुपारी मग खोटं वाचायची. यांनी "लिही" म्हटलं की फोनच्या अक्षरांवर बोट आपटायची. टकटक ऐकू आली की यांचं समाधान व्हायचं. नंतर ते पुसून टाकायची.

क्रिमियात लोकांनी मतदान करून रशियाची निवड केली, असं यांनी लिहायला लावलं. दुसऱ्या दिवशी मी भाऊजींच्या नावाने उत्तर वाचलं, "ऐक लेका. शेजाऱ्याने आधी बांध सरकवला, बांधावर चार पैलवान उभे केले आणि मग मोजणीवाल्याला बोलावलं, तर मोजणी कशी निघंल?"

हे विचारात पडले. "बांधाचं बरोबर बोलतो तो," ते म्हणाले. "पण लिही, तिथली निम्मी माणसं रशियन बोलतात. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. त्यांनी जायचं कुठं?"

याचं उत्तर मला सापडेना. खरंच, जायचं कुठं? मी म्हटलं, "आज एवढंच आलंय."

माझ्या लक्षात आलं की लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली, पण हे माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मीठ कमी, पेन्शन आली, पाहुणे कधी येणार, यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. आता रोज दुपारी हे माझ्याशी तास तास भांडत होते, माझं म्हणणं डोक्यात घेत होते, रात्रभर त्यावर विचार करून सकाळी म्हणत होते, "आज ये म्हणावं मैदानात." फक्त ते माझं म्हणणं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. एकदा म्हणाले, "आधीपेक्षा शहाणं बोलायला लागलाय तो. ऐकून घेतो." मी वाटीतलं औषध हलवत बसले.

भाऊजींना मी थोडं वाकवलंही. युरोप-अमेरिकेने तिकडच्यांना आशा लावली आणि वेळेला दारात उभे राहिले नाहीत, हे त्यांच्या तोंडून वदवलं. यांनीही मग सोडलं थोडं. खारकीव्हवर बॉम्ब टाकायला नको होते, असं लिहायला सांगितलं.

हे चालू असताना मला एक हाव सुटली. यांनी त्या विमानाच्या गोष्टीबद्दल चुकलं म्हणावं, असं वाटायला लागलं. मी स्वतः भाऊजींपुढे म्हटलं नव्हतं, म्हणून असेल. एके दुपारी मी वाचलं, "ऐक गड्या. तू ते विमानाचं सगळ्यांत बोललास, ते लागलं मला. उस्तादाचं सोड. ते लागलं."

यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मला वाटलं झोपले. मग हळू आवाजात म्हणाले, "लिही. नीट लिही, गाळू नको."

मी बोट टेकवलं.

"तू परत आल्यावर ती जागा मला देत होते. तुला माहीत हाय. मी बायकोला सातवा महिना आहे म्हणून नको म्हटलं. ते खोटं होतं. मी तुझ्याहून जास्त घाबरलो होतो. तू मुंबईपर्यंत तरी गेलास. मी ओझरचं फाटकसुद्धा ओलांडलं नाही. तू भित्रा, असं म्हणायचा मला अधिकार नव्हता. चुकलं."

अक्षरांवर बोट आपटायचं मी विसरले होते. "लिहिलंस?" यांनी विचारलं.

"लिहिते."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझ्यामुळे यांची रशियावारी हुकली, हे मी पहिल्या बाळंतपणापासून ऐकत आले. सासूबाई मरेपर्यंत ऐकवत होत्या. "हिला तेव्हाच दिवस जायचे होते," असं चारचौघींत म्हणायच्या. यांनी एकदाही त्यांना गप्प बसवलं नाही. मी मनात म्हणायची, जाऊ दे, माणसाने आपल्यासाठी केवढी गोष्ट सोडली. त्या एका गोष्टीवर मी यांचं पुष्कळ काही पोटात घातलं. आणि आता कळलं ते कसं? मित्राला सांगताना. मी तिथे फक्त बोट होते.

त्या दिवशी मी ते खरोखर लिहिलं. एकही शब्द न गाळता, भाऊजींच्या नावापुढे. पाठवायचं बटण राहिलं होतं. ते गेलं असतं तर भाऊजी आले असते, हे मला तेव्हाच कळत होतं. पण मला राग आला होता. मला न सांगता तुम्ही त्यांना सांगता, तर मी का पोचवू? उद्या बघू, असं मनाशी म्हटलं. आणि लिहिलेलं पुसलं.

"गेलं?" हे म्हणाले.

"गेलं."

दुसऱ्या दिवशी यांनी उत्तर विचारलं. मी वाचलं, "झालं गेलं, लेका. तब्येत सांभाळ." हे म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. मोठं देऊन छोटं मिळाल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते. त्यांनी पुन्हा लिहायला सांगितलं नाही. मला अजून राग होता. मी तो अकरा दिवस पुरवला. बाराव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर हे गेलेले होते.

तिसऱ्या दिवशी भाऊजी दारावर आले. पाय चांगले होते, जिने चढून आले. लोक होते तोवर कोपऱ्यात बसले. सगळे उठल्यावर म्हणाले, "माझं नाव काढलं का त्याने?"

मी सगळं सांगितलं. माझ्याकडे दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. सायखेड्याहून आल्यापासून काय काय वाचलं, त्यांच्या तोंडी काय काय घातलं, बांध आणि पैलवान, सगळं. ते ऐकताना एकदा त्यांना हसू आलं.

"बांधाचं ठीक हाय. पण युरोप-अमेरिकेचं मी कबूल केलं?"

"मी केलं. तुमच्या नावाने."

"मी कधीच केलं नसतं. त्याला कळायला पाहिजे होतं की हा मी नाय."

"त्यांना कळलं नाही."

"नाय कळलं," ते म्हणाले. पन्नास वर्षांच्या मित्राला आपल्या जागी दुसरं कोणी चाललं, हे त्यांना लागलं असावं. मग मी शेवटचं सांगितलं. यांनी सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द. मला पाठ होतं.

भाऊजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कधी सांगितलं हे?"

"गेले त्याच्या अकरा-बारा दिवस आधी."

"तेव्हा फोन कुठं होता?"

"माझ्या हातात."

त्यांनी मला का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर सातव्या महिन्याचं सांगितलं असतं, आणि त्याची लाज वाटली असती की नाही, मला माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "तेवढं एक आलं असतं, वहिनी, तर मी चालत आलो असतो." मग म्हणाले, "पाठवा आता."

"आता?"

"त्याचंच हाय ना ते? पाठवा."

मी यांचा फोन आणला आणि खुर्चीवर बसून लिहायला लागले. भाऊजी समोर पलंगावर, यांच्याच जागी बसून होते. एका बोटाने मला वेळ लागतो. त्यांनी घाई केली नाही. मी "चुकलं" लिहिलं आणि बटण दाबलं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजला. त्यांनी खिशावर हात ठेवला, पण फोन काढला नाही. टोपी घातली, यांच्या फोटोकडे न पाहता दाराशी गेले, चपला घातल्या. "येतो" म्हणाले नाहीत. अशा घरातून निघताना तसं म्हणत नाहीत, आणि ते येणारही नव्हते.

त्याला आता चार महिने झाले. निरोप पोचल्याच्या दोन खुणा आहेत. वाचला की त्या निळ्या होतात, असं मुलीने सांगितलं होतं. त्या अजून राखाडीच आहेत.